‘टेक ऑन मी’ फ्रेम न् फ्रेम पाहताना

भाचीला पुण्यात मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला एक प्रकल्प होता. एक म्युझिक व्हिडिओ निवडायचा आणि त्यातली दृश्यं कशी रचली आहेत, तांत्रिक करामती कशा साधल्या आहेत, ते उलगडून दाखवायचं. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली ती लॅपटॉप आणि हा प्रकल्प बरोबर घेऊनच. “मामा, तू चित्रकला शिकवतोस ना, मग यातलं चित्रांचं तू बघ, बाकीचं मी बघते,” म्हणाली. फराळाची ताटली बाजूला सारून तिने ‘टेक ऑन मी’ लावलं.

हे गाणं मी केबल नवी नवी आली तेव्हा पाहिलेलं. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, दारात उभं राहून. हॉटेलात कॉमिक वाचत बसलेली मुलगी, पानातून बाहेर आलेला पेन्सिलीचा हात आणि तो धरून पानात शिरणारी ती. बँड नॉर्वेचा आहे, त्याचं नाव आ-हा आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण हात कसा काढला असेल याचा विचार मी कितीतरी दिवस करत होतो. परदेशात कॉम्प्युटर असतात, त्यांनी केलं असेल, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. पुढे जीडी आर्ट ही चित्रकलेची पदविका केली, एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका केली, शाळेत लागलो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना छायाभेद शिकवता शिकवता वीस-बावीस वर्षं गेली आणि त्या हाताकडे परत बघायची वेळ या दिवाळीत आली.

भाचीने आधी थोडी माहिती जमवून ठेवली होती. गाणं पहिल्यांदा १९८४ मध्ये आलं. त्याचा तेव्हाचा व्हिडिओ वेगळा होता, निळ्या पार्श्वभूमीवर बँड गातो आहे, एवढाच. तो चालला नाही. मग ॲलन टार्नी या निर्मात्याकडे गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं आणि १९८५ मध्ये स्टीव्ह बॅरन या दिग्दर्शकाने नवा व्हिडिओ केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. चाल तीच, शब्द तेच. गाण्याचं वादनसंयोजन बदललं आणि चित्र बदललं. “म्हणजे प्रकल्पाला विषय बरोबर निवडलाय,” मी म्हटलं.

आम्ही एक दोनशे पानी वही घेतली आणि उभे रकाने आखले. वेळ, शॉट, खरं की चित्र, कॅमेरा कुठे, गाण्यात काय चाललंय. पहिल्या फेरीत आवाज बंद करून व्हिडिओ बघायचा, दुसऱ्या फेरीत डोळे मिटून नुसतं ऐकायचं, तिसऱ्या फेरीत एकेक फ्रेम. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे जातं आणि स्वल्पविरामाचं दाबलं की एक फ्रेम मागे, हे मला तिने शिकवलं. या एका गोष्टीने माझे पुढचे आठ दिवस खाल्ले.

आवाज बंद केल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की कथा शब्दांवाचून पूर्ण कळते. गाण्याच्या शब्दांत कॉमिक नाही, मोटरसायकल नाही, हॉटेल नाही. हे सगळं दिग्दर्शकाने बाहेरून आणलेलं आहे. सुरुवातीला पेन्सिलीने काढलेल्या साइडकार असलेल्या मोटरसायकलींची शर्यत. मग हॉटेलातली मुलगी ते कॉमिक वाचताना. पानावरचा नायक तिच्याकडे बघून डोळा मिचकावतो, हात पुढे करतो. ती पानात जाते. इकडे वेट्रेस बिल घेऊन येते, टेबल रिकामं. गिऱ्हाईक पैसे बुडवून पळालं असं वाटून ती रागाने कॉमिक चुरगळते आणि कचऱ्याच्या डब्यात टाकते. आत पानात शर्यतीतले दोन प्रतिस्पर्धी लोखंडी पाना घेऊन येतात, तिथली आरशासारखी चौकट फोडतात. नायक मुलीला घेऊन कागदाच्या चक्रव्यूहातून पळतो, शेवटी कागद फाडून तिला बाहेर ढकलतो. ती डब्याजवळ पडलेली सापडते, कॉमिक उचलून घरी पळते, चुरगळलेली पानं सरळ करते. पानात तो निपचित पडलेला असतो.

वहीत हे लिहून काढताना भाची म्हणाली, “मामा, यात सगळं काम कागदच करतोय.” हे मला सुचलं नव्हतं. खरंच, प्रत्येक वळणावर कागदाला काहीतरी होतं. पान उघडतं, पान चुरगळतं, कागद फाटतो, पान सरळ केलं जातं. वेट्रेसच्या मुठीत कागद चुरगळतो तेव्हाच आतल्या जगात संकट येतं. बाहेरच्या जगातली एक अगदी साधी कृती, आणि आतल्या जगात तिचा प्रलय. मला हा या व्हिडिओतला सगळ्यात हुशार विचार वाटतो. त्यात एकही करामत नाही, पुढचं-मागचं दृश्य जोडलं, इतकंच.

दुसऱ्या फेरीत नुसतं ऐकलं. गाणं चांगलंच जलद आहे, मिनिटाला सुमारे १६९ ठोके. भाचीने हिशेब मांडला. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने धावते, म्हणजे एका ठोक्याला साडेआठ फ्रेम. आता साडेआठाव्या फ्रेमवर कट मारता येत नाही. आठव्यावर मारा नाहीतर नवव्यावर. तालावर कट बसवायचा तर संकलकाला कधी अलीकडे, कधी पलीकडे सरकावं लागतं आणि ते कानाला-डोळ्याला कळू द्यायचं नसतं. ध्रुवपदात गायकाचा आवाज खाली सुरू होऊन पायरी पायरीने वर चढत जातो आणि शेवटी अगदी बारीक, उंच सुरावर पोचतो. मॉर्टन हार्केट हा तो गायक, आणि व्हिडिओतला नायकही तोच. ही चढण आम्ही दहा-बारा वेळा ऐकली. तिचा उपयोग शेवटी कळला, ते पुढे सांगतो.

तिसरी फेरी माझी. या व्हिडिओची मूळ ३५ मिलिमीटर फिल्मवरून साफसूफ केलेली फोरके (4K), म्हणजे अतिशय स्पष्ट, प्रत २०१९ मध्ये आली. तिच्यात पेन्सिलीचा कण न् कण दिसतो. मी सगळ्यात आधी नायकाचा चेहरा थांबवला. पूर्णविराम. पूर्णविराम. पूर्णविराम. चेहरा तोच, वळणही तेच, पण गालावरच्या छायेच्या रेषा प्रत्येक चित्रात वेगळ्या. एका चित्रात सात तिरक्या रेषा, पुढच्यात पाच, त्याच्या पुढच्यात त्यांचा कोन थोडा उभा झालेला. केसांच्या बटा तर दर चित्रात नव्याने सोडलेल्या. चालू व्हिडिओत हेच रेषांचं खदखदणं आपल्याला सळसळीसारखं दिसतं.

मग मी काय बदलत नाही ते शोधायला लागलो. एका शॉटमध्ये उजेडाची दिशा बदलत नाही. गाल ज्या बाजूने काळा, त्याच बाजूने शेवटपर्यंत काळा. भुवई आणि नाकाची कड दर चित्रात जवळजवळ जागच्या जागी. आणि दात. गाताना तोंड उघडतं तेव्हा दातांच्या मधल्या रेघा काढलेल्या नाहीत, एक पांढरा पट्टा सोडून दिला आहे. मी दरवर्षी नववीच्या मुलांना हेच सांगतो, दात मोजून काढू नका, माणूस म्हातारा नाहीतर भयंकर दिसतो. लंडनमध्ये चित्रित झालेल्या त्या व्हिडिओत माझं दरवर्षीचं सांगणं कुणीतरी पाळलेलं बघून फार बरं वाटलं.

प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असतंच असं नाही. ॲनिमेशनवाले बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात. त्यामुळे श्रम वाचतात आणि रेषेला डोळ्यात थोडी जागाही मिळते. आम्ही चित्रं मोजायचा प्रयत्न केला, पण इंटरनेटवरच्या प्रतीत काही फ्रेम मुळातच दुबार येतात, त्यामुळे मोजणी सारखी चुकत होती. ती सोडून दिली. आकडा तसाही प्रसिद्ध आहे, सुमारे ३,००० फ्रेम आणि सुमारे १६ आठवडे. चित्रं काढली मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर या जोडीने. पॅटरसनने विद्यार्थी असताना पेन्सिलीची एक छोटी फिल्म केली होती, तिच्यावरून ही कल्पना पुढे आली. ३,००० भागिले ११२ दिवस. दिवसाला सत्तावीसच्या आसपास चित्रं, एकही सुट्टी न घेता. मी हा भागाकार वहीच्या समासात केला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. वर्गात चाळीस मुलांची चाळीस चित्रं तपासताना माझे डोळे दुखतात.

पद्धतीचं नाव रोटोस्कोपिंग. आधी खऱ्या माणसांना घेऊन नेहमीसारखं चित्रण करायचं, मग एकेक फ्रेम काचेवर किंवा कागदावर टाकून वरून रेखाटायची. ही युक्ती मॅक्स फ्लायशर यांची. १९१५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये ते मिळालं. विदूषकाच्या कपड्यात त्यांचा भाऊ डेव्ह नाचला आणि त्याच्यावरून कोको विदूषक जन्माला आला. म्हणजे आ-हाच्या व्हिडिओच्या वेळी ही युक्ती सत्तर वर्षांची जुनी होती. लहानपणी ठरवून टाकलेला माझा कॉम्प्युटर असा तिसऱ्या दिवशी निकालात निघाला. एक खरा हात, त्याचं चित्रण आणि त्यावर पेन्सिल.

आता तो पानातून येणारा हात. थांबवून बघितलं तर हात पूर्ण पेन्सिलीचा आहे आणि भोवतालचं हॉटेल, टेबल, मुलीचा चेहरा सगळं खरं. म्हणजे हाताच्या आकाराएवढी जागा खऱ्या चित्रणात झाकून ठेवायची आणि त्या झाकलेल्या जागेत चित्र बसवायचं. भाची याला मास्क म्हणते, तेव्हाच्या भाषेत मॅट. तिने तिच्या सॉफ्टवेअरवर मला करून दाखवलं. दोन मिनिटांत फ्लॉवरपॉटच्या जागी तिने आजीचा फोटो बसवला. पण मला जास्त काळ थांबवलं ते मुलीच्या डोळ्यांनी. बंटी बेली या अभिनेत्रीने हा हात चित्रणाच्या वेळी काही पेन्सिलीचा पाहिलेला नाही. तरी तिची नजर नेमकी बोटांवर आहे, आणि हात धरायच्या आधी ती अर्धा क्षण थांबते. ही थबकण नसती तर मॅट कितीही सफाईदार असता तरी हात चिकटवलेला वाटला असता. भाचीने तांत्रिक रकान्यात ‘मॅट’ लिहिलं, मी त्याच्याखाली ‘अभिनेत्रीची नजर’ असं लिहायला लावलं. ती म्हणाली, “हे तंत्रात येतं का?” माझ्या मते येतं.

सगळ्यात जास्त वेळ बघितलेला भाग चौकटीचा. पानाच्या आत एक मोठी रिकामी चौकट उभी आहे, आरशासारखी. तिच्या अलीकडे माणूस चित्र असतो आणि पलीकडून दिसला की खरा. दोघं चौकटीभोवती फिरतात, कॅमेराही फिरतो आणि दर वळणाला चित्राचा खरा, खऱ्याचा चित्र होतो. हा भाग आम्ही एका आख्ख्या दुपारी बघितला. खरं आणि चित्र यांची हद्द इथे चौकटीच्या सरळ कडेवर पडते. सरळ कड कापायला सोपी. केसांवरून, बाह्यांवरून हद्द न्यायची तर तीच गोष्ट कितीतरी कठीण झाली असती. चौकट कथेला तर हवीच आहे, पण कारागिराचीही ती मोठी सोय आहे. चांगल्या कामात अशी एकच वस्तू दोन्ही गरजा भागवते, हे मला आमच्या गावच्या सुताराच्या कामातही दिसतं.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, आपण दोन सेकंद करून बघू. नुसतं बघून रेषेचं कळणार नाही.

भाचीने मान वळवून हसायचं, एवढाच व्हिडिओ घेतला. खिडकीजवळ बसवलं, म्हणजे उजेड एकाच बाजूने. त्यातून सेकंदाला बारा अशा चोवीस फ्रेम निवडल्या आणि गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणल्या. लाइट बॉक्स घरीच केला. जुन्या ड्रॉवरमध्ये एलईडीची पट्टी, वर खिडकीची जादा पडलेली काच. कागद हलू नये म्हणून लाकडी पट्टीवर दोन खिळे ठोकले आणि पंचिंग मशीनने प्रत्येक कागदाला भोकं पाडून ते खिळ्यांत बसवले. वर ट्रेसिंग पेपर, तोही तसाच भोकं पाडून. पेन्सिल टूबी.

पहिली आठ चित्रं काढून मोबाईलने फोटो घेतले आणि चालवून पाहिलं तर चेहरा बेडकासारखा उड्या मारत होता. आमची भोकं तपासली, खिळे तपासले. मग लक्षात आलं, दुकानात दोन बैठकांत छापताना मशीनने काही पानं ‘पानात बसवा’ करून थोडी लहान छापली होती. तीन-चार मिलिमीटरचाच फरक. डोळ्याला एकेक पान पाहून कधी कळला नसता, पण चालत्या चित्रात माफी नसते. सगळी चोवीस पानं पुन्हा छापून आणली, या वेळी मी स्वतः मशीनपाशी उभा राहिलो.

मग बसलो. एका चित्राला वीस-पंचवीस मिनिटं. दोघांनी मिळून पहिल्या दिवशी अकरा झाली, दुसऱ्या दिवशी उरलेली. मी अतिशय काळजीपूर्वक गिरवत होतो. गालाच्या छायेच्या रेषा आधीच्या चित्रावरून मोजून तितक्याच, तशाच. केसांची बट बोटभर सरकली तर ती तितकीच सरकवून. रात्री जेवणं झाल्यावर चालवून पाहिलं. उड्या बंद झाल्या होत्या. मान वळत होती, ओठ हसत होते. आणि सगळं मेलेलं होतं. चेहऱ्यावर जाळीची ओढणी घेतल्यासारखं. रेषा त्वचेवर गोंदल्यासारख्या चिकटून फिरत होत्या. आईला दाखवलं, ती म्हणाली, “छान आहे रे कार्टून. कोण आहे ही?”

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून पुन्हा नायकाचा चेहरा लावला आणि पूर्णविराम दाबत बसलो. सात रेषा, पाच रेषा, कोन उभा. आता त्याचा अर्थ लागला. त्या चित्रकारांनी एका चित्रावरून दुसरं चित्र उतरवलेलं नाही. दर वेळी समोरच्या चेहऱ्याकडे नव्याने बघितलं आहे. नाक कुठे, डोळा कुठे, ते मापाने घेतलं आणि छाया दर वेळी नव्याने ठरवली. आपण एखाद्याला बसवून सलग चोवीस स्केच केली तर ती जशी होतील, तशी. थरथरतो तो हात नव्हे, बघणं थरथरतं.

भाची उठली तेव्हा मी ट्रेसिंगचा नवा गठ्ठा भोकं पाडून तयार ठेवला होता. “परत?” म्हणाली. मी म्हटलं, या वेळी आपण दोघांनी चित्रं आलटून पालटून करायची नाहीत, एकाच हाताची हवीत, मी करतो. तू फक्त मला आधीचं चित्र बघू देऊ नकोस. झालेलं चित्र ती लगेच उचलून न्यायची आणि पालथं ठेवायची. खाली फक्त नवी फ्रेम. डोळे, नाकपुड्या आणि हनुवटी यांच्यासाठी बारीक टिंबं देऊन घेतली, ती अचूक. बाकी सगळं मोकळ्या हाताने. एका चित्राला आता सात-आठ मिनिटं पुरत होती, कारण मी मोजत नव्हतो. सहाव्या-सातव्या चित्रापासून हात सैल झाला. अठराव्या चित्रात मी तिच्या डाव्या गालावरची छाया जवळजवळ सोडूनच दिली, कारण तिथे हसताना गाल वर आला होता आणि उजेड पडला होता. पहिल्या खेपेला मी तिथेही इमाने इतबारे सात रेषा ओढल्या होत्या.

संध्याकाळी चालवलं. खदखद जरा जास्तच होती, मान वळताना केस वाऱ्यावर असल्यासारखे. पण ती हसत होती. आईने चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाली, “अगं, ही तर तूच!”

आई हे म्हणाली तेव्हा मला फाळके आठवले. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, मुळात हातात पेन्सिल-ब्रश असलेला माणूस. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी लोकांना या माध्यमाची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल वर चढते, त्याचं एकेक फ्रेम करत महिनाभर चित्रण केलं होतं. मुलांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगतो. एकेक फ्रेम म्हणजे काय, हे चोवीस कागदांनंतर मला पहिल्यांदा कळलं.

यानंतर आम्ही व्हिडिओचा शेवट पुन्हा पाहिला आणि वहीतलं आधीचं टिपण खोडून नवं लिहिलं. मुलगी घरी आहे. पानातला निपचित पडलेला नायक जागा होतो आणि चौकटीवर धडका मारू लागतो. आणि एकदम तो तिच्या घराच्या बोळात, दोन्ही भिंतींवर स्वतःला आपटताना दिसतो. डावीकडे आपटला की चित्र, उजवीकडे आपटला की खरा, पुन्हा चित्र, पुन्हा खरा. पहिल्या फेरीत आम्ही इथे ‘स्पेशल इफेक्ट’ एवढंच लिहिलं होतं. फ्रेम न् फ्रेम पाहिल्यावर दिसलं की इथे करामत सगळ्यात कमी आहे. कट आहेत आणि त्याच चित्रणाचं रेखाटन आहे. प्रत्येक बदल शरीर भिंतीवर आदळण्याच्या आसपास होतो, त्यामुळे आपला डोळा धक्क्याकडे असतो आणि बदल पचतो. आणि याच वेळी गाण्यात शेवटचं ध्रुवपद चालू असतं. आवाज पुन्हा पुन्हा खालून चढतो, वरच्या सुराला पोचतो, पुन्हा खाली येतो. नायकाची प्रत्येक धडक त्या चढणीसारखी आहे, वर जायचं, निसटायचं, परत प्रयत्न करायचा. दुसऱ्या फेरीत डोळे मिटून ऐकलेलं ते सगळं इथे उपयोगी पडलं. या प्रसंगाची कल्पना बॅरनने ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या १९८० च्या चित्रपटाच्या शेवटावरून घेतली आहे. भाचीने ते दृश्य शोधून शेजारी लावलं. उसनं घेतलेलं आहे हे खरं, पण तिथे पेन्सिल नाही. इथे रेषा शेवटी विझते आणि घामाने भिजलेला खरा माणूस उभा राहतो, तेव्हा इतका वेळ थरथरणाऱ्या चेहऱ्यावरचा तो स्थिरपणाच अंगावर येतो. आधीची सळसळ नसती तर ही शांतता कळली नसती.

अंतिम मांडणीत तिला तुलनेसाठी दुसरा एक व्हिडिओ घ्यायचा होता. तिने त्याच दिग्दर्शकाचा, त्याच १९८५ सालचा, डायर स्ट्रेट्सचा ‘मनी फॉर नथिंग’ घेतला. त्यात माणसं कॉम्प्युटरवर घडवलेली आहेत, चौकोनी, ठोकळ्यांची. तेव्हा ते फार नवं होतं. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत ‘टेक ऑन मी’ला दिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स धरून सहा पुरस्कार मिळाले, पण वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला तो ठोकळ्यांचा. त्या वर्षी तसं वाटणं साहजिक होतं, कॉम्प्युटरचं अप्रूप होतं. आज दोन्ही शेजारी लावून पाहिले. ठोकळे कुठल्या सालचे ते लगेच ओळखू येतं. पेन्सिलीला साल दिसत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘टेक ऑन मी’ने यूट्यूबवर १०० कोटींचा टप्पा ओलांडला. त्यातल्या कितीजणांनी पूर्णविरामाचं बटण दाबून गालावरच्या रेषा मोजल्या असतील, असं माझ्या मनात आलं. मोजायला हव्यात. १६ आठवडे कुणीतरी त्या ओढल्या आहेत.

भाची पुण्याला गेली. जाताना दोन्ही गठ्ठे नेले, मेलेला आणि जिवंत. वर्गात तिने आधी पहिला चालवला, मग दुसरा, आणि त्यानंतर आ-हाचा नायक. फोनवर म्हणाली, “मामा, सर म्हणाले, फरक सांगायला शब्दच लागला नाही.”

लाइट बॉक्स मी शाळेत नेऊन ठेवला आहे. नववीतला एक मुलगा सायकलवर पाय टाकतानाचा दोन सेकंदांचा व्हिडिओ घेऊन आला. त्याची अकरा चित्रं झाली आहेत आणि बाराव्याला तो अडला आहे. चाकाच्या आऱ्या काढायच्या की सोडून द्यायच्या, यावर आमचं अजून एकमत नाही. मी त्याला सुरुवातीच्या शर्यतीतल्या मोटरसायकलींची चाकं थांबवून बघायला सांगितली आहेत.